नावं विचारायची राहून गेली

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून किल्लारीत सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, दगडमातीची माळवदाची घरं बसली. मी ९ वर्षांचा होतो. आई गेली.

मला ढिगाऱ्यातून काढणाऱ्या जवानाचे आभार तेव्हाच मानायला हवे होते, पण पुढे कित्येक दिवस माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्या मावशी रात्री माझ्या उशाशी बसायच्या. त्यांचंही लेकरू गेलेलं. "रडू नको" असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ज्वारी निवडता निवडता आपल्या लेकराचं सांगत राहायच्या. एका रात्री मीही आईचं सांगितलं. (बाकीचे "विसर आता" म्हणायचे. त्यांचे आभार राहू द्या.)

छताखाली गाढ झोप मात्र कधी लागली नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की चाळिशीतही मी अंगणात पळायचो. शेवटी बायकोनं टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लावून फोन हातात दिला. पलीकडच्या ताईंनी मराठीतच, घाई न करता ऐकून घेतलं. पाय जमिनीला टेकवा, दिसतील त्या ५ वस्तू सांगा, म्हणाल्या. पंखा, कॅलेंडर, तांब्या, चप्पल... पाचवी बायको! त्या हसल्या, मीही. पुढे समुपदेशनाला जायचं धाडस त्या हसण्यातूनच आलं.

ताई, परवा रात्री ट्रक गेला. मी उठलो, पाणी प्यालो आणि आतच झोपलो.