डुक्कर फियाटला रंग देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या मेळाव्याचे पानभर फोटो पाहिले. फोटो छानच आहेत, फोटोग्राफरबद्दल तक्रार नाही. पण एकूण एक गाडी काल कारखान्यातून निघाल्यासारखी चकचकीत. साठ-सत्तर वर्षे या गाड्यांनी केले काय, कोणाला कुठे नेले, कुठे आपटल्या, याचा एक ओरखडासुद्धा दिसू नये? लग्नात आजोबांचे केस काळे करून त्यांना फोटोला उभे करावे, तसे वाटले.

हे लिहायला कारण घडले ते असे. ओळखीच्या एका कुटुंबाचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये एक डुक्कर फियाट उभी होती. तरुण वाचकांसाठी सांगतो, ही प्रीमिअर पद्मिनी मोटारीच्या आधीची, गोलमटोल अंगाची फियाट ११००. इटलीत ती १९५३ मध्ये आली आणि पाठोपाठ वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिची जुळणी होऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला. तिचे बारसे कोणी केले ठाऊक नाही, पण समोरून नाकाड पाहिले की नाव पटते. घरातले डॉक्टर याच गाडीतून व्हिजिटला जात. ते गेले आणि गाडी शेडमध्ये गेली, ती तिथेच राहिली.

वाड्याचा करार झाल्यावर नातवाने ती रंगवायला काढली. पोराचा उत्साह चांगलाच. एका गॅरेजवाल्याने अंदाजपत्रक दिले होते: पत्रा खरवडून खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, चेरी रेड रंग, नवी सीट, बंपरला नवे निकेल. डिसेंबरात घरात लग्न आहे, वरात त्यातून काढायची. मला बोलावणे आले ते ‘आधीचा’ फोटो काढायला. आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी लावायचा होता. मी एका फोटोसाठी गेलो आणि तीन सकाळी तिथेच घालवल्या.

नातू बादली आणि फडके घेऊन तयारच होता. त्याला म्हटले, थांब, धूळसुद्धा पुसू नकोस. पावसाळी दिवस होते, शेडमध्ये मऊ, बिनसावलीचा उजेड येत होता, फ्लॅशची गरजच पडली नाही. चकचकीत गाडीचा फोटो ज्याने काढलाय त्याला विचारा. दारावर विजेच्या तारा दिसतात, समोरची इमारत दिसते, आणि कॅमेरा धरलेले आपले पोट तर हटकून दिसते. विटलेला रंग हा त्रास देत नाही. त्यावर पत्र्याचा मूळ बाक दिसतो. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला की अंगावरची एकेक ठोक उठून येते. बोनेट बंद करताना जिथे तळवा दाबायचा, तेवढ्याच जागी रंग झिजून खालचा रेड ऑक्साइडचा अस्तर-रंग उघडा पडला होता. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर रेक्झिनमध्ये चार बारीक खळगे होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. बराच वेळ कळेना. मग लक्षात आले, डॉक्टरांच्या बॅगेचे बूड. तिच्या चार खुंट्या वर्षानुवर्षे एकाच जागी टेकलेल्या. नवे सीट बसवले असते तर ही बॅग पुन्हा कुठे दिसणार होती?

दुसऱ्या दिवशी मागचे सीट उचलले. खाली कोपऱ्यात बोटभर जाडीचा, सुकून भेगाळलेला गाळ. पिठासारखा बारीक, करडा. मला वाटले उंदरांनी काही केले असेल. तेवढ्यात डॉक्टरांच्या सूनबाई, म्हणजे या नातवाच्या आजी, आता पंच्याऐंशीच्या पुढच्या काकू, काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “अरे, तो पानशेतचा. मामंजींनी किती वेळा धुऊन घेतली, तरी उन्हात तापली की गाडीला नदीचा वास यायचा.”

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे, आणि पेठांत पाणी घुसले. काकूंच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. घरातली सगळी माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे गेली. परत आल्यावर पाहतात तर गाडी शेडमध्ये होती, पण आपल्या जागी नव्हती. तरंगत जाऊन मागच्या भिंतीला डाव्या अंगाने टेकली होती. मी आदल्याच दिवशी डाव्या मागच्या मडगार्डवरच्या एका मोठ्या ठोकेचा फोटो काढला होता आणि मनात कोणा ड्रायव्हरला शिव्या घातल्या होत्या. ती ठोक पुराची. अंदाजपत्रकात तिच्यासाठी एवढीच ओळ होती: ‘डा. मा. मडगार्ड, लांबी.’

या पत्रात मला म्हणायचे आहे ते या ओळीवरूनच. जुन्या गाडीची डागडुजी करू नका, असे मी म्हणत नाही. ब्रेक, टायर, वायरिंग नवे हवेच, नाहीतर वरातीत भलताच प्रसंग ओढवायचा. गंजाने तळ जाळीदार झाला असेल तर तिथे पत्रा जोडायलाच हवा. पण जे चालू आहे, टिकून आहे, फक्त म्हातारे दिसते आहे, ते कशासाठी खरवडायचे? जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासलेला पाहून आपण हळहळतो. केळकर संग्रहालयातले अडकित्ते कोणी पॉलिश मारून चमकवा म्हटले तर अख्खे पुणे पत्रे लिहील. मोटारीच्या बाबतीत मात्र रंगवून चकचकीत केली म्हणजे जपली, हा समज पक्का.

जगात हा समज मोडायला लागून बराच काळ झाला. जुन्या वाहनांची फिवा ही जागतिक संघटना १९६६ पासून आहे. तिची ट्युरिन सनद ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर केलेली आहे आणि मूळ अवशेष राखण्याला पहिले स्थान देते. कॅलिफोर्नियात पेबल बीचला १९५० पासून मोटारींचे मोठे प्रदर्शन भरते. २०२४ मध्ये तिथला सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला, एके काळी बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजाकडे असलेली गाडी. जपणुकीच्या, म्हणजे मूळ रूपात राखलेल्या गाड्यांच्या, वर्गातल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि आपला कायदा तरी काय म्हणतो? केंद्राच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज वाहन म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी, अशीच व्याख्या आहे. जुना नंबरही ठेवता येतो. म्हणजे चेरी रेड आणि नव्या सीटच्या नादात आपण व्याख्येच्याच विरुद्ध दिशेने जातो.

मी काही साधू नाही. वडिलांची लॅम्ब्रेटा नोकरीला लागल्या लागल्या मीच हौसेने रंगवून घेतली होती, आकाशी. मागच्या मडगार्डवर रंगाऱ्याने ब्रशने काढलेला नंबर होता, प्रत्येक आकड्याला तांबडी सावली दिलेली. नवे चिकटवायचे आकडे लावले तेव्हा वडील काही बोलले नाहीत, फक्त एकदा विचारले, “जुना राहिला नसता का?” त्या नंबरचा एकही फोटो घरात नाही. आता उच्च सुरक्षा पाट्या आल्या आहेत, त्याला इलाज नाही, पण हाताने रंगवलेले आकडे ज्यांच्या गाडीवर अजून आहेत त्यांनी ते खिशातल्या मोबाइलने का होईना, टिपून ठेवावेत.

पेठांतले वाडे भराभर उतरताहेत. त्यांच्या बोळांत, जिन्याखाली अशा गाड्या, स्कूटरी निघतात आणि बहुतेक भंगारात किलोवर जातात, थोड्या रंगाऱ्याकडे. दोन्हीकडे पाठवण्याआधी एक सकाळ द्या. धुऊ नका. सीट उचला, दाराची आतली पाटी बघा, टूलबॉक्समधली चिठ्ठी-पावती फेकू नका, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्ची टाकून गाडीजवळ बसवा. काकू दोन तास बोलत होत्या. त्या तासांत नातवाला आपला पणजोबा पहिल्यांदाच ओळखीचा झाला, असे त्याच्या तोंडावरून वाटले.

फियाट सध्या पौड रस्त्याला एका नातेवाइकांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ब्रेकचे काम होते आहे. रंगाचे अजून ठरलेले नाही, घरात दोन पक्ष आहेत. मडगार्डची लांबी तेवढी अंदाजपत्रकातून कटली. सीटखालचा चिमूटभर गाळ मी परवानगीने फिल्मच्या रिकाम्या डबीत भरून घेतला आहे. उरलेला तिथेच ठेवला.

पुढच्या मेळाव्याच्या वेळी आपल्या फोटोग्राफरला एखादी न धुतलेली गाडीही शोधायला सांगावी, ही विनंती. मडगार्डचा फोटो सोबत पाठवत आहे. छापणार असाल तर कृपया तो उजळ करू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सदाशिव पेठ, पुणे ३०