दहा वर्षांनी अठराशे रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुप्तचर खात्यातली सरकारी नोकरी बरी की खासगी कंपनी, यावरचा आपला लेख वाचला. पगाराची तुलना आहे, बढतीचं नावही नाही. उभा जन्म पगारबिलं तपासण्यात गेला, त्यामुळे खटकलं.

माझ्या बहिणीचा नातू इथल्या भंवरकुआं भागात खोली घेऊन आयबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याच्या, एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी) परीक्षेची तयारी करतो. 2025 च्या जाहिरातीत 3,717 जागा होत्या, म्हणून पोरं तुटून पडली आहेत. इकडे सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीनं त्याला सायबर धोक्यांवर नजर ठेवायच्या कामासाठी बोलावलंय. रविवारी पोहे खाता खाता आम्ही वही उघडली. मूळ वेतन 44,900, त्यावर 20 टक्के विशेष सुरक्षा भत्ता म्हणजे 8,980, महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. इथपर्यंत सरकारचं पारडं हलकं नाही.

पान उलटलं आणि गंमत कळली. बढती मिळालीच नाही, तर दहा वेतनवाढींनंतर मूळ वेतन होतं 60,400. मग एमएसीपीचा, म्हणजे दहा वर्षं बढती न मिळालेल्याला वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा, लाभ मिळून 62,200. फरक महिन्याला अठराशे, आणि पद तेच. वरच्या खुर्च्या बव्हंशी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे ठरावीक काळासाठी पोलीस सेवेतून, आलेल्या आयपीएस साहेबांच्या. नातू म्हणाला, "मामाआजोबा, अठराशेत मेसचं बिलसुद्धा निघत नाही."

मग हेरगिरीची कामंच खासगी कंपन्यांना द्यावीत का? अमेरिकेनं दिली. तिथल्या सरकारी वेतनश्रेणीतही एकाच ग्रेडच्या पहिल्या पायरीवरून दहावीवर पोचायला 18 वर्षं लागतात. माणसं कंटाळून कंपनीत जातात आणि पुन्हा त्याच इमारतीत कामाला येतात. सीआयए या तिथल्या हेरखात्यात गळ्यातलं निळं ओळखपत्र जाऊन हिरवं येतं, एवढंच. शिकवायचं आणि पारखायचं सरकारनं, बिल लावायचं कंपनीनं! 2013 साली एनएसए या अमेरिकेच्या दुसऱ्या गुप्तचर संस्थेची गुपितं बाहेर काढणारा स्नोडेन असाच कंपनीच्या पगारावर होता, वर्षाला 1,22,000 डॉलर. अर्थात रशियाला माहिती विकणारा सीआयएचा एल्ड्रिच एम्स पक्का सरकारी नोकर होता, तेव्हा कंत्राटी म्हणजे फितूर असं मी म्हणणार नाही. पण आपल्या घरची बढती अडली म्हणून काम बाहेर द्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. बढतीची मुदत ठरवा आणि ती पाळा.

आठव्या वेतन आयोगापुढे जो तो आपल्या संघटनेमार्फत गाऱ्हाणं मांडेल. आयबीतल्या माणसांना संघटनाच काढता येत नाही. गुप्तचर संस्थांसाठीच्या 1985 च्या कायद्यानं तीही बंदी आहे आणि कामाविषयी वर्तमानपत्रांशी बोलायचीही. नातू निवडला गेला तर त्याचं पत्र आपल्याकडे कधी येणार नाही. म्हणून आत्ताच मी लिहितो आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
रामबाग, इंदूर