खारवट आणि चोपण एक नव्हे

मा. संपादक यांस,
स. न.

अवर्षण आणि क्षारपड जमीन या दोहोंना पुरून उरणाऱ्या सोयाबीनवरील आपला कालचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आशेने आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून. लेखकमहाशयांनी 'खारवट' आणि 'चोपण' हे शब्द एकमेकांच्या जागी इतक्या मोकळेपणाने वापरले आहेत की, त्यांनी यांपैकी एकाही जमिनीत कधी पाय रोवला नसावा, अशी शंका येते. खारवट रानात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पीक भर पावसाळ्यात तहानते. चोपण रानात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. तिथे पाणी मुरतही नाही आणि वाळल्यावर ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पहिलीला निचरा आणि गोडे पाणी लागते, तर दुसरीला आधी जिप्सम, म्हणजे मातीला चिकटलेला सोडियम सोडवणारे खनिज.

निफाड तालुक्यात कालव्यालगत आमचे दीड एकर चोपण रान आहे. २०२३ च्या खरिपात एका दुकानदाराने 'कोणत्याही जमिनीत चालते, पाण्याचा ताण सोसते' असे सांगून महागडे बियाणे गळ्यात मारले. पेरणीनंतरच्या पहिल्या सरीने वरची माती अशी आवळली की, निम्मे कोंब खालीच कुजले. पुढे तो ऑगस्ट आला, जो देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच पिशवीतले बी मी वरच्या काळ्या रानातही पेरले होते. ते माना टाकत का होईना शेंगांपर्यंत पोहोचले. चोपणात जे उगवले होते, तेही गेले. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, जमिनीतच खोट आहे." खोट आहे हे मला ठाऊक होते, म्हणूनच तर त्याला विचारून बी घेतले होते!

अर्जेंटिनातील एचबी४ या, अवर्षण सोसण्यासाठी सूर्यफुलाचे जनुक घातलेल्या सोयाबीनचे लेखात तोंड भरून कौतुक आहे. मात्र जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही, हे सांगायला अर्धी ओळही सापडली नाही. याउलट, सोडियमला पानांपर्यंत पोहोचू न देणारे जनुक सोयाबीनमध्येच असल्याचे २०१४ मध्ये दाखवून देण्यात आले. ते साध्या संकरानेही दुसऱ्या वाणात आणता येते. राहुरी-परभणीच्या कृषी विद्यापीठांतील किंवा इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेतील, नवे वाण घडवणाऱ्या पैदासकारांना त्याविषयी एक दूरध्वनी केला असता, तर आमच्या कामाचे काही छापून आले असते.

आणि हो, लेखासोबतचे छायाचित्र उडदाचे आहे. गेल्या हंगामातही आपण तेच छापले होते.

आपला नम्र,
एक जुना वाचक, नाशिकरोड