मीटर मागे करणाऱ्यांना आळा घाला: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: खासगी मोटारींच्या किलोमीटरची सरकारी नोंद ठेवण्याबाबत

महोदय,

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी मोटारींचे मीटर दुरुस्त करतो. काटा अडकणे, डिस्प्ले पुसट होणे, पावसाचे पाणी शिरून अख्खा क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरांचा संच, बंद पडणे, ही माझी रोजची कामे. पण आणखी एका कामासाठी लोक सतत विचारतात: "जरा रनिंग कमी करून द्या ना." विचारणारा बहुतेक वेळा गाडी विकायला काढलेला असतो. मी नकार देतो, आणि तो दुसरीकडे जाऊन काम करून घेतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

क्लस्टर उघडला की सर्किट बोर्डवर नखापेक्षा लहान, आठ पायांची एक चिप दिसते. ९३सी५६, २४सी१६ अशी तिची नावे असतात. बॅटरी काढली तरी तिच्यातली माहिती पुसली जात नाही, आणि गाडी एकूण किती धावली तो आकडा अनेक मॉडेलांमध्ये इथेच असतो. चिपमधली एकच जागा पुन्हा पुन्हा लिहून झिजते, म्हणून आकडा आलटून पालटून अनेक जागी लिहिला जातो. ग्राहकांना वाटते की ही सुरक्षेची तजवीज आहे. प्रत्यक्षात ती चिपचे आयुष्य वाढवण्यासाठी आहे. चिप वाचणारे आणि लिहिणारे यंत्र काही शे रुपयांत घरपोच मिळते. बऱ्याच नव्या गाड्यांत हाच आकडा इंजिन चालवणाऱ्या संगणकात (ईसीयू) किंवा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतही साठवलेला असतो, पण गाडी घेताना तिथपर्यंत कोण बघतो?

ऐरोलीच्या एका ताई नुकतीच घेतलेली डिझेल गाडी घेऊन आल्या होत्या. तक्रार एवढीच की डिस्प्ले मंद दिसतो. मीटरवर शेहेचाळीस हजार किलोमीटर होते, ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले. ईसीयू वाचला तर आकडा दीड लाखाच्या पुढे. मी त्यांना सांगितले, आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, बघून घ्या. मेकॅनिकने कव्हर काढले तेव्हा बेल्टला आडव्या भेगा पडलेल्या होत्या. असा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि गाडी चालता चालता बंद पडते. घोडबंदर रोडवर कंटेनरच्या रांगेत असे झाले तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. बेल्ट कधी बदलायचा हे लोक किलोमीटर बघूनच ठरवतात. फसवणूक पैशांची तर आहेच, पण मला जास्त काळजी या बेल्टची वाटते.

रिक्षाचे उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले, तेव्हा ठाण्यातल्या रिक्षावाल्यांना मीटर नव्या दराप्रमाणे कॅलिब्रेट करून घ्यावे लागले. त्या मीटरला सील असते, तपासणी असते. प्रवाशाचे दोन-तीन रुपये वाचावेत म्हणून एवढी व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. पण कित्येक लाखांची जुनी मोटार ज्या आकड्यावर विकली जाते, त्याकडे सरकारचे कोणीच बघत नाही. खासगी गाडी नोंदणीनंतर थेट पंधरा वर्षांनी पासिंगला येते. मधल्या काळात ती दोन-तीनदा विकली गेली, तरी नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये चासी नंबर लागतो, इंजिन नंबर लागतो, किलोमीटर लागत नाहीत.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना प्रत्येक फेरीची किलोमीटरसह नोंद ठेवणे बंधनकारक झाले. चांगला नियम आहे. पण गाडी विक्रेत्याच्या ताब्यात येण्याआधीच मीटर मागे झाला असेल, तर त्या नोंदवहीत खोटाच आकडा चढतो.

मार्ग अवघड नाही. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांची पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, दरवर्षी होते, त्याआधीच्या गाड्यांची दर सहा महिन्यांनी. केंद्रावर नंबर प्लेटचा फोटो काढतातच. त्याच वेळी मीटरचाही एक फोटो काढावा आणि आकडा गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर चढवावा. पीयूसी केंद्रांना मान्यता आपलाच विभाग देतो, तेव्हा सुरुवात राज्यालाच करता येईल. मागच्या वर्षीपेक्षा आकडा कमी भरला तर खरेदीदाराला तो पोर्टलवर दिसला पाहिजे. जे मीटर आधीच मागे झाले आहेत ते यात सापडणार नाहीत, हे खरे. पण विकायची वेळ आली की मगच आकडा बदलायचा, हा जो सर्रास चालणारा प्रकार आहे, तो बंद पडेल. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' आहे. तिथे गॅरेजवाल्याला काम करताना किलोमीटर कळवावे लागतात आणि विकणाऱ्याला तो इतिहास कागदावर द्यावा लागतो. फॉर्म २९ आणि ३० केंद्राच्या अखत्यारीत आहेत. त्यांत किलोमीटरचा रकाना घालण्यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा.

एक कळकळीची विनंती: चिप लिहिण्याच्या यंत्रावर सरसकट बंदी घालू नका. क्लस्टर जळाला की दुसरा बसवावा लागतो आणि जुन्याचा खरा आकडा त्यात उतरवावा लागतो. काही गाड्यांत किल्लीचा कोडही त्याच चिपमध्ये असतो. तो नीट उतरवला नाही तर गाडी सुरूच होत नाही. हे प्रामाणिक काम आहे. आज ते करणाऱ्याकडे दाखवायला एकही सरकारी कागद नसतो, त्यामुळे तो आणि मीटर मागे करणारा एकाच रांगेत उभे राहतात. मीटर बदलल्याची नोंद वाहन पोर्टलवर करण्याची सोय द्या: जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव. माझे नाव तिथे लागले तर मला आनंदच होईल. आणि नोंद न करता आकडा बदलणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ द्या.

एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) या दोन आरटीओ कार्यालयांच्या हद्दीत हे आधी करून बघा. आपल्या अधिकाऱ्यांना चिप कशी वाचतात आणि आकडा कसा बदलला जातो हे बघायचे असेल, तर मी माझ्या टेबलावर दाखवायला तयार आहे. दुकान रविवार सोडून रोज उघडे असते.

आपला,
एक मीटर दुरुस्ती कारागीर,
वागळे इस्टेट, ठाणे