बाबा, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, पण मुलांची सर्दी, बाबांचे गुडघे आणि 'झोप लागली का' यापलीकडे बोलणं जात नाही. आत्ता दोघंही झोपली आहेत. बरेच दिवस मनात साचलेलं आज लिहूनच काढते.

परवा धाकट्याला नऊ महिन्यांची लस दिली, गोवराची. नर्स म्हणाली, "हात घट्ट धरा, हलू देऊ नका." मी धरले. सुई आत गेली तेव्हा त्यानं नर्सकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आई, ती नजर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दुखलं म्हणून तो रडत होताच, पण त्या नजरेत आणखी काहीतरी होतं. तू धरून ठेवलंस मला? तू? मग रडता रडता त्यानं तोंड खुपसलं ते माझ्याच खांद्यात. ज्या हातांनी त्याला जखडून ठेवलं होतं, त्याच हातांत शिरून तो शांत झाला.

त्याला मी काय समजावणार होते? गोवर किती झपाट्यानं पसरतो, तो लहान मुलांच्या फुप्फुसांत, कधी मेंदूतही कसा उतरतो, हे कळायला त्याच्याकडे शब्दच नाहीत. माझ्यात आणि त्याच्यात जेमतेम बत्तीस वर्षांचं अंतर. तेवढ्या अंतरातही माझी माया त्याला त्या क्षणी क्रूर वाटली असणार. घरी येताना तो मांडीवर झोपला होता आणि मला सारखी आजी आठवत होती.

बाबा, तुम्हाला ती संध्याकाळ आठवते का? आजी जाऊन महिना झाला असेल. मी वीस वर्षांची होते. तिचे शेवटचे आठ महिने आपण सगळ्यांनी पाहिले होते. तुम्ही जप करत बसला होतात आणि मी दारातूनच ओरडले, "जन्मभर नाव घेतलं तिनं, त्याचं हे फळ? देव नाहीच आहे. तुम्ही कुणाशी बोलता रोज?" आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती. तुम्ही डोळे उघडलेत आणि एवढंच म्हणालात, "बरं. ये, बस जरा इथे." मी बसले नाही. पुढे कितीतरी वर्षं मी समजत होते की तुमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता धाकट्याची एक गोष्ट सांगते. चार-पाच महिन्यांचा असताना त्याच्या खुळखुळ्यावर रुमाल टाकला की तो खुळखुळा त्याच्यापुरता संपायचा. शोधायचाही नाही. मी खोलीतून बाहेर गेले तरी फारसं काही वाटायचं नाही, कुणीही उचललं तरी चालायचं. आठव्या महिन्याच्या सुमाराला सगळं पालटलं. आता तो रुमाल ओढून काढतो. आणि मी दाराआड गेले की आकांत करतो. मला वाटलं, काही बिनसलं का याचं? बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, उलट आहे, वाढ नीट चाललीय. दिसत नसलेली वस्तूही असते, हे मुलाला याच सुमारास कळू लागतं. आई आहे हे त्याला कळलंय, म्हणून ती दिसत नाही याचं त्याला रडू येतं.

हे ऐकलं आणि मी तिथेच गप्प झाले. त्या संध्याकाळी मी केला तो आकांत काय होता मग? जो नाहीच, त्याच्यावर कुणी इतकं चिडतं का? माझं ते ओरडणं दाराआड गेलेल्या आईसाठीच होतं, आणि तुम्हाला ते तेव्हाच ऐकू आलं होतं, हो ना बाबा? रडणाऱ्या मुलाशी कुणी वाद घालत नाही. जवळ बोलावतात. तुम्ही तेच केलंत.

लशीच्या दाखल्यानं सगळ्या दुःखांचा उलगडा होतो असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचं मूल हातातून गेलं, त्यांच्यासमोर हे बोलायला माझी जीभ रेटणार नाही. आजीचे आठ महिने मला आजही कळत नाहीत. मला फक्त धाकट्यानं खांद्यात तोंड खुपसलं ते कळलं. न कळताही कुशीत शिरता येतं, एवढंच.

आणि एक. तो जन्मला तेव्हा वाचलं होतं की नवजात बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरपर्यंतचंच काय ते जरा स्पष्ट दिसतं. म्हणजे छातीशी धरलेल्या बाळापासून आईच्या चेहऱ्यापर्यंत, बास. पलीकडे सगळं धूसर. त्याच्या लेखी मी म्हणजे एक चेहरा, एक वास, एक ऊब. माझं शिक्षण, माझ्या काळज्या, तुमची मुलगी असणं, यातलं त्याला काही ठाऊक नाही, आणि तरी त्याची ओळख खोटी नाही. देवाबद्दल मी इतकी ठाम मतं मांडत आले, ती किती सेंटीमीटरवरची होती, असं आता सारखं मनात येतं.

थोरलीही शिकवते. चार वर्षांची झाली, आता रोज झोपताना देवाशी बोलते. त्यात हरवलेली टिकली असते, भावाची तक्रार असते, मधेच गाणं असतं. मी तिला एकदाही थांबवून "नीट बोल" म्हटलं नाही. तिचं अर्धं वाक्य झालं की मला पुढचं कळतं. धाकट्याला तर शब्दच नाहीत, तरी भूक कुठली, झोप कुठली, हे मला रडण्यावरून ओळखता येतं. आई, तुलाही यायचं ना? मी इतकी वर्षं प्रार्थना केली नाही त्याचं एक कारण हेच होतं की नेमकं काय म्हणायचं ते सुचायचं नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्याला रात्रभर ताप होता. त्याच्या कपाळावर हात ठेवून बसले होते आणि नकळत ओठ हलायला लागले. बाबा, लहानपणी मला ताप आला की तुम्ही उशाशी बसून काहीतरी म्हणायचात. शब्द एकही आठवत नाही, फक्त चाल आठवते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तुम्ही घेतलेला श्वास. मी त्याच चालीत नुसतं गुणगुणत राहिले, पहाटे ताप उतरेपर्यंत.

ते शब्द मला लिहून पाठवाल? तुमच्याच अक्षरात. हात थरथरला तरी चालेल, मला वाचता येईल.

तुमची,
ताई
(आता दोन मुलांची आई झाले तरी तुमची ताईच)