‘पॅराशूट उघडलेच नाही’ असे छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवाई क्रीडेत एखादा अपघात घडला की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत बहुधा एक ठरलेले वाक्य छापून येते : ‘ऐनवेळी पॅराशूट न उघडल्याने’ अमक्याचा मृत्यू झाला. उडी साधली तर उडी मारणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक होते आणि फसली तर सगळा दोष कापडाला दिला जातो. जणू ते कापड आपल्या मर्जीने उघडते आणि रुसले की मिटून बसते. गेल्या हिवाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी थायलंडमधील एका प्रशिक्षण तळावर विमानातून उडी मारायला शिकले आणि त्याच मुक्कामात स्वतःच्या पॅराशूटची घडी घालायलाही शिकले. माझ्या नावावर अवघ्या १९ उड्या आहेत, म्हणजे या क्षेत्रात मी अजून बिगरीतच आहे. तरीही सतरंजीवर गुडघे टेकून जे तास घालवले त्यांनंतर हे वाक्य मला खटकू लागले असून, हे पत्र त्याच कारणाने लिहीत आहे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. पाचगणीला किंवा कामशेतला डोंगरावरून जे उडतात ते पॅराग्लायडिंग होय. त्यात पंख जमिनीवरच वाऱ्याने फुगवून, तो डोक्यावर नीट उभा राहिल्याचे पाहून मगच पावले उचलतात. त्यामुळे पॅराग्लायडरच्या अपघातात ‘पॅराशूट उघडले नाही’ हे कारण, त्याने संकटासाठी जवळ ठेवलेल्या राखीव छत्रीबद्दल लिहिले नसेल तर, निरर्थकच ठरते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवाई क्रीडा धोरणातही स्कायडायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग हे वेगवेगळे प्रकार म्हणून नोंदलेले आहेत. मी लिहिते आहे ते विमानातून मारलेल्या उडीबद्दल, ज्यात माणूस आधी पडतो आणि मग छत्री उघडते.

त्या माणसाच्या पाठीवर छत्र्या दोन असतात, हे बातम्यांत क्वचितच येते. खालच्या कप्प्यात मुख्य छत्री असते आणि वरच्या कप्प्यात राखीव. मुख्य छत्रीने दगा दिला तर एक मूठ ओढून ती खांद्यांपासून सोडून द्यायची आणि दुसरी मूठ ओढून राखीव उघडायची, एवढा सराव पहिल्या उडीपूर्वी जमिनीवर इतक्या वेळा करून घेतात की रात्री झोपेतही हात त्या मुठींकडे जातात. शिवाय पाठीवरच्या पिशवीत एक स्वयंचलित यंत्र बसवलेले असते. १९९१ मध्ये जर्मनीतून बाजारात आलेल्या ‘सायप्रेस’मुळे या यंत्रांचा प्रसार झाला. सुमारे साडेसातशे फुटांवर आल्यावरही माणूस भरवेगाने पडतच असेल, तर ते यंत्र राखीव छत्रीचा बंद आपण होऊन कापते. राखीव छत्रीच्या घडीला आमच्यासारख्यांनी हात लावायचा नसतो. ती परवानाधारक रिगरच घालतो, कार्डावर तारीख टाकून सही करतो आणि बंदाच्या पिनेला लाल दोरा ओवून शिशाचे सील ठोकतो. बाजार समितीतल्या काट्याला वजनमापे खात्याचे सील असते, तसेच ते दिसते. अमेरिकेतील नियमानुसार उडी मारायची तर ही घडी १८० दिवसांच्या आतली असावी लागते, मग मधल्या काळात ती एकदाही उघडली गेली नसली तरी चालत नाही. मुख्य छत्रीची घडी मात्र उडी मारणाऱ्याने स्वतः घालायला हरकत नसते, आणि माझ्या सांगण्याचा सारा भर त्याच घडीवर आहे.

माझे वडील, अप्पा, इथे सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या घडी खात्यात होते. मी शिकायला निघाले तेव्हा उडीबद्दल त्यांनी फारसे विचारले नाही. विचारले ते हे, की ‘‘ती छत्री उघडताना आधी काय सुटतं?’’ मला सांगता आले नाही. तेव्हा त्यांनी कपाटातली डबल चादर काढून सोप्यात पसरली आणि दुकानदार गिऱ्हाइकापुढे चादर एका झटक्यात कशी उलगडतो, ते करून दाखवले. तो झटका साधतो याचे कारण, घडी घालणाऱ्याने काठ कुठे ठेवायचा आणि शेवटची दुमड कोणती घालायची हे उघडण्याच्या बाजूने मोजलेले असते. घडी आवरण्यासाठी घालतात असे आजवर मला वाटत होते. अप्पांच्या मते ती उघडण्यासाठीच घालायची असते, आणि पुढे थायलंडमधल्या सतरंजीवर जे शिकले ते सगळे या एका वाक्यात आधीच येऊन गेले होते.

सिनेमात दिसणारा गोल घुमट आता या खेळात फारसा उरलेला नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट यांनी जी रचना शोधली, तिच्यात एकावर एक अशी दोन कापडे असतात, मध्ये उभे पडदे शिवून कप्पे केलेले असतात आणि पुढची बाजू उघडी असते; त्या कप्प्यांत हवा भरली की कापडाचाच पंख होतो. विद्यार्थ्यांना मुद्दाम मोठी छत्री देतात. माझी २८० चौरस फुटांची होती, म्हणजे आमच्या दोन खोल्यांना पुरून उरेल एवढी, आणि ती शाळकरी दप्तराएवढ्या कप्प्यात बसवायची होती.

सुरुवात दोऱ्यांपासून होते. पाठीची पिशवी जमिनीवर ठेवून, दोऱ्यांचे गट बोटांच्या बेचक्यांत धरून छत्रीपर्यंत चालत जायचे आणि एकही दोरी दुसरीला ओलांडून गेलेली नाही याची खात्री करायची. ताण्यात दोरे एकमेकांत गेले की काय होते, हे सोलापूरकराला सांगायला नको. मग दोऱ्या खांद्यावर घेऊन सगळी छत्री पाठीमागे ओल्या लुगड्यासारखी लोंबत ठेवायची आणि दोऱ्यांच्या एकेका ओळीमधले कापड बाहेरच्या बाजूला ओढून त्याच्या चुण्या पाडायच्या. दोऱ्या मध्यभागी, कापड बाहेर. ‘स्लायडर’ नावाचा एक चौकोनी रुमाल असतो, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून सगळ्या दोऱ्या जातात. हा रुमाल दोऱ्यांवरून सरकवत पार वर, छत्रीच्या पोटाला भिडेपर्यंत न्यायचा आणि तिथेच राहील अशी काळजी घ्यायची. छत्री फुलू लागते तेव्हा तो वाऱ्याला अडून हळूहळू खाली येतो आणि ताशी सुमारे १९० किलोमीटरने पडणाऱ्या माणसाला तीन-चार सेकंदांची सवड देतो. तो आधीच खाली घसरलेला राहिला तर छत्री फाडकन उघडते, आणि तसे उघडणे हाडे मोडण्याइतके जोरकस असू शकते. बातमीतल्या वाक्याला ही शक्यता ठाऊकच नाही : छत्री न उघडण्याइतकेच तिने नको तितक्या लवकर उघडणेही घातक असते.

यानंतरचा भाग अंगमेहनतीचा. शेपटीचे कापड सगळ्या चुण्यांभोवती गुंडाळून ते गाठोडे जमिनीवर आडवे केले की आत हवा राहिलेली असते, आणि नायलॉनच्या या कापडातून हवा जवळजवळ जातच नाही. गुडघ्यांनी, कोपरांनी, पोटाने रेटत ती बाहेर काढावी लागते. एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने गाठोडे मासळीसारखे निसटते. त्याची नागमोडी घडी घालून ते एका आतल्या पिशवीत भरायचे, मग दोऱ्यांचे छोटे छोटे पेड करून ते पिशवीवरच्या रबर बँडांत अडकवायचे. सगळे पेड सारखे हवेत. बँड सैल असेल तर दोऱ्या एकदम सुटतात, म्हणून जुनाट बँड दिसला की बदलायचा. माझी पहिली घडी एक तास वीस मिनिटांत झाली. तळावर पैसे घेऊन घड्या घालणाऱ्या बाई तेच काम दहा मिनिटांत करीत आणि तेवढ्यात माझ्याकडेही लक्ष ठेवीत.

त्यांनीच माझी चूक पकडली. मुख्य छत्रीला ओढून काढणारी एक छोटी छत्री असते, तिला पायलट च्यूट म्हणतात. हाताने ती वाऱ्यात फेकली की ती फुगते, पट्टी ताणली जाते, पिन निघते आणि आतली पिशवी बाहेर येते. मुख्य छत्री उघडल्यावर ही छोटी मागे ओढत राहू नये म्हणून आतली एक दोरी तिला मिटवून टाकते. त्यामुळे दर उडीनंतर घडी घालताना ती दोरी पुन्हा ओढून तिला ‘जागी’ करावे लागते. जागी झाल्याची खूण म्हणून पट्टीवरच्या बारीकशा खिडकीत रंग दिसतो. तिसऱ्या घडीच्या दिवशी मी सगळे उरकून, पिन लावून घामाघूम उभी होते. त्या बाईंनी झाकण उचलले, खिडकीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. खिडकीत रंग नव्हता. एक शब्दही न बोलता त्यांनी पिन उपसली, पिशवी बाहेर काढली आणि माझा तासाभराचा घाम सतरंजीवर ओतला. मी तशीच उडी मारली असती तर मिटलेली पायलट च्यूट एखाद्या चिंधीसारखी पाठीमागे फडफडत राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी वर्तमानपत्राने ‘पॅराशूट उघडलेच नाही’ असे छापले असते. पॅराशूट उघडले असते हो, मी ते उघडण्याजोगे ठेवले नव्हते.

स्वतःच्या घडीवर मारलेल्या पहिल्या उडीत पाच हजार फुटांवर छत्री उघडली ती दोऱ्यांना तीन पीळ घेऊनच. असे पीळ दोऱ्यांचे पेड असमान झाल्याने पडतात, तसेच उघडताना अंग एका खांद्यावर कललेले असले तरी पडतात. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. शिकवल्याप्रमाणे दोऱ्यांचे पट्टे दोन्ही हातांनी फाकवून, पाळण्यात बसल्यासारखे पाय झाडत मी पीळ सोडवले. तेवढ्या वेळात नजर मनगटावरच्या उंचीमापकावर होती, कारण अडीच हजार फुटांपर्यंत सुटले नाहीत तर मुख्य छत्री टाकून द्यायची असा नवशिक्यांसाठी नियम आहे. पीळ त्याच्या बरेच वर सुटले. खाली आल्यावर मी प्रथम रबर बँड तपासले.

पैसे देऊन घडी घालून मिळत असताना नवशिक्याने हा खटाटोप का करावा, असे मला तळावरही काहींनी विचारले. लष्करात घडी घालणारे आणि उडी मारणारे वेगळे असतात हे खरे आहे. पण अमेरिकेच्या लष्करात घडी घालणाऱ्या रिगरने आपण बांधलेल्या कोणत्याही छत्रीने स्वतः उडी मारायला तयार असले पाहिजे असा दंडक आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. तिथल्या नागरी संघटनेचा पहिला परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो, त्यासाठीही कोणाची मदत न घेता घडी घालून दाखवावी लागते. ज्याने एकदा स्वतः घडी घातली आहे त्याला उडीपूर्वी काय तपासायचे ते कळते. ज्याने कधीच घातली नाही तो झाकण उचलून पाहतो, पण काय पाहायचे हे त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडे या बाबतीत उदासीनता किती आहे, याचा अनुभव मला परतल्यावर आला. प्रशिक्षकाला बांधून मारायच्या, म्हणजे टँडम उडीच्या सहली नेणाऱ्या एका आयोजकाला मी फोनवर विचारले की तुमच्या छत्र्यांच्या घड्या कोण घालतो आणि राखीव छत्रीची शेवटची तारीख कोणती. पलीकडच्या तरुणाने अतिशय नम्रपणे उत्तर दिले, ‘‘मॅडम, ते सगळं आमचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त व्हिडिओचं पॅकेज घेणार का ते सांगा.’’ दोष त्या मुलाचा नाही. त्याला हा प्रश्न बहुधा आजवर कोणी विचारलेलाच नसावा. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मराठी घराघरांत या खेळाचे नाव पोहोचले. मात्र आपण वाचलेल्या असंख्य बातम्यांपैकी एकीत तरी घडीचा उल्लेख होता का, हे आठवून पाहावे.

म्हणून आपल्या वार्ताहरांना आणि उपसंपादकांना माझी विनंती आहे की, अशा घटनेची बातमी हाती येताच ते तयार वाक्य बाजूला ठेवावे. खेळ कोणता होता, मुख्य आणि राखीव यांपैकी कोणती छत्री वापरली गेली, ती किती उंचीवर उघडली आणि नीट उघडून मग जमिनीजवळच्या वळणात अपघात झाला का, हे विचारावे. हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण उत्तम उघडलेल्या छत्रीखालीही उतरताना केलेल्या चुकांनी अनुभवी माणसे दगावतात, हे या खेळाच्या जाणकारांत सर्वश्रुत आहे. स्वयंचलित यंत्र बसवलेले होते का आणि ते सुरू केलेले होते का, हेही विचारता येईल. आणि एवढे विचारायला वेळ नसेल, पान सोडायची घाई असेल, तर निदान एक प्रश्न सोडू नये : त्या छत्रीची घडी कोणी घातली होती, आणि त्यानंतर झाकण उचलून ती कोणी पाहिली होती?

आपली नम्र,
एक वाचक
पूर्व भाग, सोलापूर