टाइम ऑफिसच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टाने घरी पाठवलं असतं, तर तुम्ही वाचून कपाटात ठेवून दिलं असतं. कारखान्यात एचआरचं काम नव्याने करणाऱ्या मुलामुलींना टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांच्या हजेरीचं खातं, सांभाळणाऱ्या तुमची ओळख व्हावी, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला संकोच वाटेल, तेवढा सहन करा.

परळच्या श्रम विज्ञान संस्थेतून शिकून मी मरोळच्या आपल्या कारखान्यात आले, तेव्हा एकाच गाळ्यात ६०-७० माणसं होती. मग शेजारचे गाळे घेतले, तिसरी पाळी सुरू झाली, आणि ठेकेदाराची माणसं धरून आकडा अडीचशेच्या पुढे गेला. त्या धावपळीत सगळ्यांचे डोळे ऑर्डरवर आणि मशीनवर होते, तुमचे हजेरीपटावर. तिसाहून जास्त महिला कामगार झाल्या की पाळणाघर, अडीचशेच्या वर गेलो की कॅन्टीन, ही तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातली कलमं तुम्ही आकडा गाठायच्या आधीच साहेबांपुढे ठेवलीत. जागा शोधायला वेळ लागतो, आतापासून बघू, एवढंच म्हणालात.

ईएसआयचं, म्हणजे कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार देणाऱ्या कामगार राज्य विमा योजनेचं, प्रकरण मात्र मला सविस्तर सांगायलाच हवं. पगारवाढ झाली की कामगार खूश होतो, पण तेव्हा महिन्याचा पगार २१,००० च्या वर गेला की तो ईएसआयच्या बाहेर पडायचा. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नसत, वर्गणी मात्र तेव्हा त्यावरही कापायचे. असे बारकावे मी पुस्तकात वाचले होते, त्यांचा अर्थ तुमच्याकडून कळला. मोल्डिंगच्या एका ऑपरेटरच्या बायकोचं डायलिसिस ईएसआयमधून चालू होतं आणि वाढीच्या यादीत त्याचं नाव होतं. "वाढ नको म्हणून लिहून देऊ का?" असं विचारायला तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला होता. तुम्ही त्याला आत बसवलंत, चहा दिलात आणि यादी घेऊन थेट अकाउंट्समध्ये गेलात. वाढ मध्येच लागू झाली तरी वर्गणीची सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तो ईएसआयमध्ये राहणार होता. तेवढ्या मुदतीत कंपनीने मर्यादेबाहेर जाणाऱ्या सगळ्यांची ग्रुप मेडिक्लेम काढावी, आधीपासूनचे आजारही त्यात यावेत, हे तुम्ही लावून धरलंत. मेडिक्लेम निघाली. त्याला वाढही मिळाली. कंपनीच्या खर्चात ती रक्कम फार मोठी नव्हती, पण ती मागायला कोणीतरी उभं राहावं लागतं, आणि तेव्हा तुमच्याशिवाय कोणी उभं राहिलं नाही.

कागदांबद्दल तुम्ही इतके काटेकोर का, हे मला उशिरा कळलं. तुमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, आणि पुढे म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असल्याचा पुरावा लागला. तिकीट नंबर, पगाराची पावती, ईएसआयचा नंबर, काहीही चालणार होतं. आईने ते सगळं ट्रंकेत जपून ठेवलं होतं, असं तुम्ही एकदा जेवताना बोलून गेलात. आधार कार्डावरच्या आणि पीएफच्या नावात एका अक्षराचा फरक दिसला, तरी तुम्ही माणसाला पाळी सुटायच्या आत का बोलावून घ्यायचात, ते मला त्या दिवशी उमगलं.

आणि लग्नाच्या पत्रिका! टाइम ऑफिसमध्ये पत्रिका आली की तुम्ही पेढा घ्यायच्या आधी फॉर्म नंबर २, म्हणजे पीएफचा वारस नेमायचा फॉर्म, लग्नानंतर भरायला काढून ठेवायचात. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द धरलं जातं, हे किती जणांना ठाऊक असतं? पॅकिंगमधला आपला एक मुलगा अपघातात गेला. नोकरी जेमतेम अडीच वर्षांची. त्याच्या बायकोला पीएफ आणि त्यासोबतच्या विम्याची रक्कम मिळाली, कारण नॉमिनेशन तिच्या नावाने झालेलं होतं. महिन्याची पेन्शन सुरू झाली, लेकराचीही झाली. पाच वर्षं भरली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, बसत नाही, असं वरून सांगण्यात आलं, तेव्हा तुम्ही १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं चौथं कलम उघडून दाखवलंत: मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही. तुमचा आवाज चढला नाही. पुस्तक मात्र चेक तयार होईपर्यंत मॅनेजरच्या टेबलावर उघडंच राहिलं.

काका, पगार वेळेवर होणं, रजा मिळणं, इंटरव्ह्यू घेणं, हे सगळं मी कुठेही शिकले असते. समोरच्या माणसाचा हक्क त्याने मागायच्या आधी ओळखायचा, हे तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. त्या ऑपरेटरच्या घरचे आणि पॅकिंगच्या मुलाची बायकोही तुमचं नाव काढतात. त्यांचेही आभार या पत्रातून पोहोचवते.

टाइम ऑफिसमध्ये आता नवा मुलगा आहे. नॉमिनेशन मोबाइलवर होतं, तरी पत्रिका आली की तो नाव टिपून ठेवतो आणि लग्नानंतर नवरदेवाला शेजारी बसवून तिथल्या तिथे भरून घेतो. गणपतीच्या आधी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. ठेकेदाराच्या माणसांच्या जुन्या पीएफ खात्यांचा एक गुंता सुटत नाहीये, तो सोबत आणते.

तुमची कृतज्ञ,
एचआरमधली तुमची मुलगी